दादरच्या क्लिनिकमधील सहा महिने : आहार बदलताना गोळ्यांकडे कोण पाहते?

मला टाइप २ मधुमेह होऊन नऊ वर्षे झाली आणि रक्तदाबाची गोळी सुरू होऊन चार. या काळात निरनिराळ्या दवाखान्यांतून मला आहाराचे छापील तक्ते मिळाले, पण त्यांपैकी एकही महिनाभराच्या वर पाळला गेला नाही. भांडुपच्या आमच्या पाच माणसांच्या घरात स्वयंपाक एकच होतो आणि तो कसा होतो, हे तक्ता देणाऱ्यांपैकी कोणी विचारलेच नव्हते. गेल्या वर्षी एचबीए१सी, म्हणजे मागच्या सुमारे तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, ८.४ टक्के आली, तेव्हा एका सहकारी शिक्षिकेच्या सांगण्यावरून मी दादर पश्चिमेच्या एका क्लिनिकमध्ये सहा महिन्यांचा कार्यक्रम घेतला. क्लिनिकचे नाव येथे देत नाही. अशी केंद्रे आता मुंबईत बऱ्याच ठिकाणी निघाली आहेत आणि हा अनुभव अशा कोणत्याही ठिकाणी पैसे भरण्यापूर्वी वाचणाऱ्याच्या उपयोगी पडावा, एवढीच इच्छा आहे.

शुल्क २४,००० रुपये, दोन हप्त्यांत. त्यात डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांच्या भेटी येतात. रक्ताच्या तपासण्यांचे पैसे वेगळे. माझ्या आरोग्य विम्यातून यातला एक रुपयाही परत मिळाला नाही.

पहिली भेट तासाभराहून अधिक चालली. डॉक्टरांनी कमरेचा घेर मोजला, पायाच्या संवेदना तपासल्या, डोळ्यांच्या पडद्याची आणि मूत्रपिंडाची स्थिती कळण्यासाठी लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी शेवटची कधी झाली ते विचारले आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी अनेक वर्षे चालू असल्यामुळे, तिने कमी होऊ शकणाऱ्या बी१२ जीवनसत्त्वाची तपासणी लिहून दिली. आहारतज्ज्ञ बाईंनी घरात महिन्याला तेल किती येते, असे विचारले. पाच लिटर, असे मी सांगताच त्यांनी माझ्यासमोरच कागदावर हिशेब मांडला : पाच माणसे, तीस दिवस, म्हणजे माणशी रोज सुमारे ३३ मिलिलिटर. घरात कोणालाही तळकट खाण्याची आवड नाही, असे मी प्रामाणिकपणे मानत होते. फोडणीत किती तेल जाते, याचा हिशेब मी कधी केलाच नव्हता. आता आमच्याकडे तीन लिटर पुरते.

मधुमेह बरा होईल का, हा प्रश्न मी विचारला, तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या उत्तरामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डायरेक्ट’ या अभ्यासात टाइप २ मधुमेहींच्या एका गटाला रोज सुमारे ८५० कॅलरींचा आहार तीन ते पाच महिने देऊन, नंतर हळूहळू नेहमीच्या जेवणावर आणले गेले. वर्षाअखेरीस त्या गटातील ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता आणि दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. मात्र त्या अभ्यासात निदान होऊन सहा वर्षांहून अधिक काळ झालेल्यांना आणि इन्सुलिन घेणाऱ्यांना घेतलेले नव्हते. “तुमची नऊ वर्षे झाली आहेत, त्यामुळे गोळ्या सुटतीलच असे मी सांगणार नाही, साखर आणि रक्तदाब खाली येतील, हे मात्र नक्की प्रयत्न करण्याजोगे आहे,” असे ते म्हणाले. साखर कमी करणारी औषधे थांबवल्यानंतर किमान तीन महिन्यांनी एचबीए१सी ६.५ च्या खाली असेल, तरच त्याला रेमिशन म्हणतात, आणि तेही टिकवावे लागते. लोकलच्या डब्यात ‘मधुमेहमुक्ती’च्या जाहिराती वाचणाऱ्यांना ही व्याख्या ठाऊक असायला हवी.

आता त्या चुकीबद्दल, जिच्यामुळे हा सगळा लेख लिहावासा वाटला. आहारतज्ज्ञांची भेट गुरुवारी आणि डॉक्टरांची त्यानंतर बारा दिवसांनी होती. गुरुवारी माझा भात निम्मा झाला, तीन पोळ्यांच्या जागी दीड भाकरी आली आणि संध्याकाळचा बिस्किटांचा चहा बंद झाला. गोळ्या मात्र होत्या तशाच राहिल्या, आणि त्यांत ग्लिमेपिराइड होती. ही गोळी स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन सोडायला लावते; जेवण घटले तरी तिचे काम थांबत नाही. आठव्या दिवशी शाळेत तिसऱ्या तासाला माझे हात थरथरू लागले, दरदरून घाम फुटला आणि फळ्यावरची अक्षरे पुसट दिसू लागली. पर्समधील ग्लुकोमीटरवर आकडा ५८ आला, म्हणजे साखर फारच खाली गेली होती. शिपाईमामांनी तीन चमचे साखर घातलेले पाणी आणून दिले, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, तेव्हा साखर ८१ झाली होती. समोर चाळीस मुले होती. तो प्रसंग रस्ता ओलांडताना किंवा परळच्या पुलावर आला असता, तर काय झाले असते, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

क्लिनिकने चूक मान्य केली, हे नोंदवले पाहिजे. डॉक्टरांनी त्याच दुपारी फोन करून ग्लिमेपिराइड अर्ध्यावर आणली आणि पुढे सहाव्या आठवड्यात पूर्ण थांबवली. त्यानंतर माझ्या बाबतीत आहारातील प्रत्येक बदल डॉक्टरांच्या नजरेखालून जाऊनच माझ्यापर्यंत आला. हे पहिल्या दिवसापासून व्हायला हवे होते. आहार हा उपचार आहे असे मानायचे, तर त्याचा औषधांवर होणारा परिणामही उपचाराचाच भाग ठरतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असलेल्यांनी जेवण कमी करण्याआधीच डोस विचारून घ्यावा. ज्यांच्या चिठ्ठीत डापाग्लिफ्लोझिनसारखी, साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी औषधे आहेत, त्यांनी तर कडक उपवास किंवा अगदी कमी पिष्टमय आहार स्वतःच्या मनाने मुळीच करू नये, कारण त्यात रक्तातील आम्ल वाढण्याचा वेगळाच धोका असतो.

या कार्यक्रमातील सर्वांत मोलाची गोष्ट मला वाटली, ती म्हणजे जोडीने तपासणी : जेवणापूर्वी एकदा आणि जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी एकदा. पंधरा दिवस मी रोज एकाच जेवणाची अशी नोंद वहीत ठेवली. एक बशीभर साध्या पोह्यांनंतर २३२ दिसले. निम्मे पोहे, त्यात वाटीभर मोड आलेली मटकी आणि शेंगदाणे, अशा न्याहारीनंतर १६८. ज्वारीची भाकरी कितीही खाल्ली तरी चालते, हा माझा समज तीन भाकऱ्यांनंतरच्या आकड्याने मोडला. नाचणीचे सत्त्वही बारीक दळलेले आणि पातळ शिजवलेले असल्याने माझी साखर झपाट्याने वाढवते. साबुदाण्याबद्दल तर काही सांगायलाच नको. तो जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, आणि मी दर चतुर्थीला त्याची खिचडी उपवास म्हणून खात होते. आता त्या दिवशी वरीचे तांदूळ थोडेसे, दाण्याची आमटी आणि ताक घेते. आधी कोशिंबीर, मग उसळ आणि शेवटी भात, असा क्रम ठेवल्यावर त्याच ताटाने साखर कमी वाढते, हेही मी स्वतःच्या वहीत पाहिले.

दुसऱ्या महिन्यात त्यांनी माझ्या यजमानांना आणि सासूबाईंना बोलावून घेतले. सासूबाईंच्या हातचे बांगड्याचे तिरफळ घातलेले तिखले तक्त्यात जसेच्या तसे राहिले, तळलेल्या तुकड्या मात्र महिन्यातून एकदाच ठरल्या. लोणचे आणि पापड रक्तदाबामुळे ताटातून गेले. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते आणि आमच्या घरी वरून मीठ घेण्याचीही सवय होती. यजमान रात्री नऊला घरी येतात, म्हणून मीही नऊपर्यंत थांबत असे आणि पहाटे पावणेपाचला उठत असे. आहारतज्ज्ञांनी हा प्रश्न काढला, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, “अगं, तू साडेसातला जेवून घे, त्याच्याबरोबर मी बसेन.” नऊ वर्षांत हे मला मागता आले नव्हते. झोप पाच तासांवरून साडेसहावर गेली. अपुऱ्या झोपेनेही शरीर इन्सुलिनला कमी दाद देते, हे मला याच ठिकाणी प्रथम कळले.

व्यायामाचा भाग चांगला होता. जेवणानंतर पंधरा मिनिटे इमारतीच्या आवारात चालणे आणि आठवड्यातून तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला टेकून जोर आणि रबरी पट्टा ओढणे, एवढेच.

त्रुटी आणखीही आहेत. मोबाइल अॅप फक्त इंग्रजीत आहे आणि त्याच्या यादीत आंबोळी, वालाचे बिरडे, तांदळाची भाकरी यांपैकी काहीही सापडत नाही. मी शेवटपर्यंत वहीच वापरली. शनिवारी वेळ ठरलेली असूनही सव्वा तास थांबावे लागते. बाहेरच्या काउंटरवर प्रोटीन पावडरचा डबा दोनदा पुढे केला गेला. डॉक्टरांनी तो चिठ्ठीत लिहिला नव्हता, म्हणून मी घेतला नाही. उसळी, दही, अंडी आणि मासे यांतून माझी गरज भागत होती. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या माणसाला असा डबा विचारपूस न करता देणे धोक्याचे आहे आणि क्लिनिकने ही विक्री बंद करावी, असे मी लेखी कळवले आहे.

सहा महिन्यांनंतरचे आकडे असे : एचबीए१सी ८.४ वरून ६.७, वजन ७४ वरून ६७.५ किलो, कंबर ९६ वरून ८८ सेंटिमीटर, रक्तदाब १४६/९२ वरून १३२/८४. ग्लिमेपिराइड बंद आहे, मेटफॉर्मिन आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. पाचपैकी चार गुण मी देते. एक गुण त्या बारा दिवसांसाठी कापला आहे.

पूर्ण कार्यक्रम मी पुन्हा घेतलेला नाही. दर तीन महिन्यांनी डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांची एकाच दिवशी, एकाच खोलीत भेट मिळावी, असे मी मागितले आणि ते त्यांनी ९०० रुपयांत मान्य केले. पुढची भेट गणपतीनंतरच्या आठवड्यात आहे; मोदकांच्या दिवसांतली वही घेऊन यायला त्यांनी सांगितले आहे.