यूएसबी फॅक्स मोडेम आणि विंडोज फॅक्स अँड स्कॅन: लाइन बघून मगच घ्या

दिवसाला पाच-दहा फॅक्स आणि तांब्याच्या तारेची साधी अॅनालॉग लाइन असेल, तर वेगळ्या फॅक्स मशीनची गरज नाही. यूएसबी मोडेम (संगणक फोनच्या लाइनला जोडणारी डबी) आणि विंडोजमधलं 'फॅक्स अँड स्कॅन' एवढ्यावर काम छान निभतं. विंडोजच्या प्रोग्रॅमच्या यादीत ते दिसत नसेल तर 'ऑप्शनल फीचर्स'मधून घालून घ्या.

खोक्यावरच्या '५६ के'ला भुलू नका, तो डेटाचा वेग. व्ही.१७ पद्धतीचा फॅक्स जातो फार तर १४,४०० बिट प्रतिसेकंदाने. पैसे घालवायचेच तर स्वतःचा कंट्रोलर असलेल्या मोडेमवर घाला. यूएस रोबोटिक्सचा ५६३७ तसा आहे. स्वस्तातले सॉफ्टमोडेम सगळा भार प्रोसेसरवर टाकतात. संगणक दुसऱ्या कामात अडकला की त्यांची वेळ चुकते आणि पान अर्ध्यावर तुटतं.

वायर 'लाइन' लिहिलेल्या खाचेत घाला, 'फोन'च्या नव्हे. त्याच लाइनवर डीएसएल (फोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड) असेल तर मधे फिल्टर हवाच. ईपीएबीएक्सचं (ऑफिसातल्या अंतर्गत एक्स्चेंजचं) डिजिटल एक्स्टेंशन चुकूनही जोडू नका, मोडेम जळू शकतो. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये मोडेमच्या 'डायग्नोस्टिक्स'वर जाऊन 'क्वेरी मोडेम' दाबा. 'एफक्लास' (FCLASS, मोडेमला काय काय येतं ते सांगणारी ओळ) याच्या उत्तरात नुसता ० आला तर त्या मोडेमला फॅक्स येत नाही. १ किंवा २ दिसायला हवा. हे अर्ध्या मिनिटाचं काम बहुतेक जण टाळतात आणि नंतर तासभर सॉफ्टवेअरला दोष देत बसतात.

पुढे टूल्स, फॅक्स अकाउंट्स, अॅड. त्याच नंबरवर माणसंही बोलत असतील तर आपोआप उचलण्याचा पर्याय घेऊ नका. फॅक्स सेटिंग्जमध्ये टीएसआयडीच्या (समोरच्याला दिसणाऱ्या पाठवणाऱ्याच्या ओळखीच्या) जागी आपला नंबर भरा, २० अक्षरांच्या आत. आलेल्या फॅक्सची प्रत ठरावीक फोल्डरमध्ये पडेल अशी सोयही तिथेच आहे, ती जरूर वापरा.

सगळ्यात जास्त छळतो तो 'नो डायल टोन'. ईपीएबीएक्सचा टोन वेगळा असतो, मोडेम तो ओळखत नाही. मोडेमच्या 'अॅडव्हान्स्ड'मध्ये जादा कमांड म्हणून X3 लिहा, म्हणजे टोनची वाट न पाहता तो नंबर फिरवतो. बाहेरची लाइन ० ने मिळत असेल तर शून्यानंतर स्वल्पविराम द्या. एका स्वल्पविरामाला साधारण २ सेकंदांचा थांबा मिळतो.

पीडीएफ जोडून पाठवली की कधी कधी ती रांगेतच अडकते. त्यापेक्षा फाइल उघडा, प्रिंट द्या आणि प्रिंटर म्हणून 'फॅक्स' निवडा. संगणक झोपला तर येणारा फॅक्स हुकतो, म्हणून स्लीप बंदच ठेवा.

लाइन इंटरनेटवरून येत असेल तर ही जोडी घेऊ नका. आवाजाचा डेटा आकसून पाठवणारी यंत्रणा, म्हणजे कोडेक, मोडेमचे सूर बिघडवते; छोटा फॅक्स कसाबसा जातो, दहा पानी हमखास तुटतो. अशा लाइनवर वेग ९,६०० वर उतरवणं हा नेहमीचा उपाय, पण फॅक्स अँड स्कॅनच्या सेटिंग्जमध्ये वेग कमी करायची सोयच नाही. तिथे टी.३८ (इंटरनेटवरून फॅक्स नेण्याची पद्धत) चालणारा अॅडॅप्टर आणि वेग बदलता येणारं फॅक्स मशीनच लागतं.