एकच चूक, दोन शिक्षा : अपील, आयोग की ‘मॅट’?

एकाच टेबलावरच्या दोन लिपिकांच्या हातून एकच नस्ती (फाइल) गहाळ होते; एकाला तोंडी ताकीद मिळते आणि दुसऱ्याची वेतनवाढ रोखून तशी नोंद सेवापुस्तकात घेतली जाते. त्यामागे जातीचा आकस असल्याची शंका असेल, तर राज्य शासनाच्या सेवेतील या दुसऱ्या, अनुसूचित जातीच्या कर्मचाऱ्यापुढे तीन मार्ग असतात. त्यांतली निवड करताना सहकाऱ्याविषयीचा कागद कोण मागवू शकेल, हे आधी पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालात कर्मचाऱ्याला दिलेले ज्ञापन (मेमो) आणि शिक्षेचे आदेश ही वैयक्तिक माहिती ठरवल्याने माहिती अधिकारात तो सहसा मिळत नाही.

१९७९ च्या शिस्त व अपील नियमांनुसार विभागीय अपील ४५ दिवसांत करावे लागते. त्यासाठी वकील लागत नाही आणि दोन्ही प्रकरणांचे कागद विभागातच असतात. अपील ऐकणारे वरिष्ठ बहुधा त्याच साखळीतले असतात, ही मोठी उणीव खरी. तरीही हा टप्पा वगळून थेट गेल्यास महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे ‘मॅट’, सामान्यतः अर्ज दाखल करून घेत नाही.

राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोग कागद मागवू शकतो, अधिकाऱ्यांना समक्ष बोलावू शकतो, आणि भेदभावाच्या तक्रारीत हा दबाव मोलाचा असतो. मात्र आयोगाला अंतरिम मनाई देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले आहे. वेतनवाढ तोवर रोखलेलीच राहते.

‘मॅट’ अभिलेखही मागवते आणि आदेश स्थगित किंवा रद्दही करू शकते. २०१३ च्या राजेंद्र यादव प्रकरणात, अधिक गंभीर आरोप असलेल्या सहआरोपीला सौम्य शिक्षा देऊन यादव यांना बडतर्फ करणे सर्वोच्च न्यायालयाला मान्य झाले नाही. मात्र सहकाऱ्याला चुकीने सोडले असेल, तर तीच चूक आपल्याही बाबतीत व्हावी, असा हक्क सांगता येत नाही; आरोप, भूमिका आणि पूर्वीची सेवा सारखी होती, हे दाखवावेच लागते.

म्हणून अपील लगेच करावे आणि त्यातच सहकाऱ्याचे प्रकरण तारखेसह नमूद करावे. आयोगाकडे जायचे तर सोबतीने जावे. अपिलावर सहा महिने निर्णय झाला नाही, तर त्यानंतरच्या एका वर्षात ‘मॅट’कडे अर्ज करावा, कारण आयोगाशी पत्रव्यवहार सुरू आहे म्हणून ही मुदत आपोआप वाढत नाही.