महागडी नळी की साधी? प्रीमियम पेट्रोल वापरून पाहिलं, त्याचा हिशोब

आधी निकाल सांगते, मग कारणं. माझ्या गाडीसाठी प्रीमियम पेट्रोलला पाचपैकी दोन तारे. माल वाईट आहे असं अजिबात नाही. माझ्या इंजिनाला त्याचा उपयोग नाही, एवढंच. ज्यांच्या गाडीला ते खरोखर लागतं त्यांनी हेच पाच तारे समजावेत आणि निर्धास्त भरावं.

गाडी साधीच आहे. छोटी हॅचबॅक, चार सिलिंडर, टर्बो नाही, हाताने बदलायचे गिअर, टाकी चाळीस लिटरची. रोज ऑफिसला जाणं-येणं आणि मधूनच एखादा लांबचा पल्ला. मी जन्मभर दुसऱ्यांचे जमाखर्च तपासत आले, त्यामुळे पेट्रोलच्या पावत्या फेकवत नाहीत. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही कायम असते. साधंच पेट्रोल भरत होते आणि सुखात होते. पण धाकटे दीर गेली दोन वर्षं माझ्या मागे लागले होते. "वहिनी, एकदा प्रीमियम टाकून तर बघा. गाडी एकदम स्मूथ चालते, अ‍ॅव्हरेज वाढतं. उगाच का महाग असतं ते?"

उगाच का महाग असतं, हा प्रश्न मला आवडला. म्हटलं, बघूया.

बघायचं कसं, यात बहुतेकांची गफलत होते. एकदा टाकी भरली, गाडी "हलकी वाटली", झालं मत तयार. वाटण्यावर माझा भरवसा नाही. टाकी फुल करायची, नोझल पहिल्यांदा टक्कन बंद झालं की थांबायचं, ट्रिप मीटर शून्यावर आणायचं. नेहमीसारखी गाडी चालवायची. काटा खाली आला की त्याच पंपावर, त्याच नळीवर, पुन्हा पहिल्या टक्कपर्यंत भरायचं. चाललेले किलोमीटर भागिले आत्ता भरलेले लिटर, हे खरं अ‍ॅव्हरेज. डॅशबोर्डवरचा आकडा मी धरत नाही. माझ्या गाडीत तो वहीपेक्षा नेहमी थोडा खुशीतच असतो. आणि एका टाकीवर निकाल लावायचा नाही. ट्रॅफिक, एसी, पाऊस, चढ यांनीच आकडा एवढा हलतो की पेट्रोलचा फरक त्यात दिसणार नाही. म्हणून साध्याच्या बऱ्याच टाक्या आणि प्रीमियमच्याही बऱ्याच टाक्या, दोन्हींची सरासरी.

"पहिल्या टक्कला थांबा" हे हिशोबापुरतं नाही. पुढे दाबून दाबून आणखी थोडं कोंबायची कित्येकांना सवय असते. टाकीतली वाफ धरून ठेवायला गाडीत कोळशाचा एक कॅनिस्टर असतो. टाकी गळ्यापर्यंत भरली की द्रव पेट्रोल त्यात शिरू शकतं, आणि तो भाग बदलायला लागला की वर्षभराची बचत एका बिलात जाते.

आता निकष काय? इथे माझा धंदा कामाला आला. समजा प्रीमियम साध्यापेक्षा दहा टक्के महाग आहे. मग नुसती बरोबरी साधायची तरी अ‍ॅव्हरेज दहा टक्के वाढायला हवं. लिटरला १५ देणाऱ्या गाडीने साडेसोळा द्यायला हवेत. त्याच्या वर जे मिळेल तो फायदा. हे गणित कोणत्याही पंपावर उभं राहून करता येतं: दोन दरांतला फरक भागिले साधा दर, की झालं. आणि एकदा केलं की "अ‍ॅव्हरेज थोडं वाढलंय" या वाक्याचा दिमाख उतरतो. थोडं वाढून भागत नाही.

माझ्या वहीत काय आलं? फरक दशांशातला. एका टाकीला प्रीमियम किंचित वर, पुढच्या टाकीला साधं किंचित वर. साडेसोळाच्या जवळपासही काही नाही. पिकअप? तोच. चढावर तिसरा गिअर टाकावा लागायचा, अजूनही लागतो.

असं का होतं ते समजून घेतलं तर दिरांचा प्रश्नही सुटतो. प्रीमियम म्हणजे बहुतेक वेळा जास्त ऑक्टेनचं पेट्रोल. आणि ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. पेट्रोल दाबाखाली किती वेळ शांत राहतं, स्पार्क पडायच्या आधी आपणहून पेट घेत नाही, त्याचं ते माप. मोजपट्टी ठरलेली आहे: आयसो-ऑक्टेन या द्रवाला १०० आणि एन-हेप्टेनला शून्य. ९५ ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे आपणहून पेट घेण्याच्या बाबतीत ९५ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ५ टक्के हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागणारं. एका लिटरमधली ऊर्जा या आकड्यात कुठेच नाही.

ज्या इंजिनात हवा-पेट्रोल जास्त दाबलं जातं, म्हणजे कॉम्प्रेशन जास्त आहे किंवा टर्बो आहे, तिथे कमी ऑक्टेनचं पेट्रोल अवेळी पेटतं. चढावर वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो, तेच नॉकिंग. आताच्या गाड्यांत नॉक सेन्सर असतो. त्याला ठोका कळला की कॉम्प्युटर स्पार्क थोडा उशिरा पाडतो. आवाज थांबतो, पण ताकद आणि अ‍ॅव्हरेज थोडं जातं. अशा गाडीला जास्त ऑक्टेन दिलं की स्पार्क पुन्हा योग्य वेळी पडतो आणि गेलेलं परत मिळतं. माझ्या इंजिनात मुळात काही गेलेलंच नव्हतं, मग परत काय मिळणार?

तुमची गाडी कोणत्या गटात, हे शोधायला पेट्रोलच्या झाकणाचं दार उघडा. आतल्या बाजूला बहुधा स्टिकर असतो, नाहीतर मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. माझ्या गाडीवर आरओएन (ऑक्टेन मोजायची एक पद्धत) ९१ किंवा अधिक एवढंच आहे. दिरांच्या गाडीचं दार मी मुद्दाम उघडून पाहिलं. टर्बो गाडी, किमान ९५, शिफारस ९८. म्हणजे ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या गाडीत जे खरं होतं ते त्यांनी माझ्या गाडीला लावलं, एवढंच.

त्या स्टिकरवरचा एक शब्द नीट वाचायचा. "आवश्यक" लिहिलं असेल तर वाद घालू नका, तेच भरा. तिथे काटकसर करणं म्हणजे इंजिनाशी खेळ. "शिफारस" लिहिलं असेल तर साध्यावर गाडी चालते, निवड तुमची. अमेरिकेतल्या एएए या वाहनधारकांच्या संघटनेने हे दोन्ही गट तपासलेत. २०१६ मध्ये त्यांनी साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांत प्रीमियम टाकून पाहिलं: ताकद, अ‍ॅव्हरेज, धूर, कशातच दखल घ्यावी असा फायदा नाही. २०१७ मध्ये "शिफारस" वाल्या गाड्या घेतल्या, तर अ‍ॅव्हरेज सरासरी २.७ टक्क्यांनी वाढलं. फायदा खरा आहे, पण वरचं गणित आठवा. प्रीमियम २.७ टक्क्यांहून जास्त महाग असेल, आणि बहुतेक ठिकाणी असतंच, तर निव्वळ पैशात तोटाच. दिरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "पण वहिनी, चालवायला मजा येते ना." त्यावर माझं काही म्हणणं नाही. मजेचं खातं वेगळं.

आकड्यांबद्दल एक सावधगिरी. जगात सगळीकडे पंपावर एकच मोजणी लिहीत नाहीत. बऱ्याच देशांत आरओएन असतो, उत्तर अमेरिकेत दोन पद्धतींची सरासरी असते आणि ती त्याच पेट्रोलला चार-पाचने कमी दिसते. तिथलं ८७ म्हणजे साधारण ९१ आरओएन. परदेशात गाडी भाड्याने घेतली की हे माहीत असावं; नाहीतर ८७ बघून माणूस घाबरतो आणि महागडी नळी उचलतो.

इथेनॉलची गोष्ट तर आणखी मजेशीर. त्याचं ऑक्टेन शंभराच्या वर, पण एका लिटरमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. म्हणजे मिश्रणाने ऑक्टेन वाढतं आणि अ‍ॅव्हरेज घटतं. दहा टक्के इथेनॉल असेल तर साधारण तीन टक्क्यांनी. तेव्हा दोन पंपांची किंवा दोन नळ्यांची तुलना करताना ऑक्टेनसोबत इथेनॉलचं प्रमाणही बघायचं. जास्त इथेनॉलवालं पेट्रोल स्वस्त असेल तर ते किती टक्क्यांनी स्वस्त आहे हे बघा. अ‍ॅव्हरेजमधली घट त्यातून वजा केल्यावर काही उरत असेल तरच घ्या. आणि आपल्या गाडीला ते प्रमाण चालतं का, हे त्याच दारावर वाचा.

दुसरा तारा मी डिटर्जंटसाठी दिला. प्रीमियममध्ये इंजिन स्वच्छ ठेवणारं रसायन जास्त असतं असा दावा असतो, आणि स्वच्छतेचा मुद्दा पोकळ नाही. एएएनेच २०१६ मध्ये पाहिलं की टॉप टिअर या डिटर्जंटच्या दर्जात न बसणाऱ्या पेट्रोलने इनटेक व्हॉल्व्हवर, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा सोडणाऱ्या झडपेवर, सरासरी १९ पट काजळी बसली. पण टॉप टिअर हा दर्जा २००४ मध्ये काही गाडी कंपन्यांनी ठरवला, आणि तो लागू असलेल्या पंपावर साध्या पेट्रोललाही तो पाळावाच लागतो. म्हणजे डिटर्जंटसाठी ऑक्टेनचे पैसे मोजायची गरज नाही. कंपनी नीट निवडा आणि तिथलं साधं भरा. शिवाय तुमचं इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं असेल तर पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेक व्हॉल्व्हला ते लागतच नाही. मग ते धुणार कसं? इंजेक्टरची तोंडं साफ राहतील, तेवढा फायदा धरा.

पंपावरच्या रॅकवर अ‍ॅव्हरेज वाढवणाऱ्या छोट्या बाटल्या असतात. त्यांना तारेच नाहीत. साफसफाईची बाटली जुन्या, काजळलेल्या गाडीला एखादेवेळी उपयोगी पडेलही. पण धडधाकट गाडीचं अ‍ॅव्हरेज २० टक्के वाढवतो म्हणणारी बाटली खरी असती तर गाडी कंपन्यांनी तिच्यासाठी रांग लावली असती.

पैसे वाचवायचेच असतील तर ते नळीवर कमी आणि पायात जास्त आहेत. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो: ८० चे १०० केले की अडथळा दीडपटीहून जास्त. उगाच रेटणं आणि करकचून ब्रेक मारणं यांनी, अमेरिकी ऊर्जा खात्याच्या मते, हायवेवर १५ ते ३० टक्के अ‍ॅव्हरेज जातं आणि थांबत-चालत ट्रॅफिकमध्ये १० ते ४०. टपावरचा मोठा बॉक्स हायवेवर ६ ते १७ टक्के खातो, रिकामा असला तरी. टायरमधली हवा कमी असेल तर दर पीएसआयला (हवेच्या दाबाचं माप) सुमारे ०.२ टक्के, आकडा छोटा, पण हवा भरायला लागतं काय? माझ्या वहीत साध्या-प्रीमियमचा फरक दिसला नाही, पण मी हायवेला निवांत गेले की घाईत, हे पान न उलटता ओळखू येतं.

पहाटे भरलं की पेट्रोल दाट मिळतं, हे मला निदान चार जणांनी सांगितलंय. पेट्रोल एका अंशाला साधारण ०.१ टक्का फुगतं, हे खरं. पण पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात, दिवस-रात्रीत त्यांचं तापमान जेमतेम हलतं. झोपा खुशाल.

लांबच्या स्वस्त पंपाचंही एकदा मांडून बघा. चाळीस लिटरची टाकी, दर दोन टक्के कमी: वाचले ०.८ लिटरचे पैसे. लिटरला १५ देणारी गाडी तेवढ्यात १२ किलोमीटर जाते. म्हणजे मुद्दाम वाकडी वाट करून सहा जायचे आणि सहा यायचे असतील तर हातात भोपळा, वर वेळ गेला तो वेगळा. वाटेतच असेल तर मात्र जरूर थांबा. ही बचत फुकटची आहे. दर दाखवणारं अ‍ॅप मी वापरते ते निघायच्या आधी, रस्त्यावर आल्यावर नाही.

आणि पॉइंट्स. कार्ड आहे माझ्याकडे, पण पॉइंट्सचं मी आधी टक्क्यांत रूपांतर करते. बहुतेकदा प्रीमियमवर दुप्पट पॉइंट्सची जाहिरात असते. मूळ पॉइंट अर्ध्या टक्क्याचे असतील तर दुप्पट म्हणजे एक टक्का. दहा टक्के जास्त मोजून एक टक्का परत घ्यायचा. कार्डाला वार्षिक फी असेल तर तीही त्यातूनच वजा. माझ्या कार्डावर साध्या पेट्रोलचे पॉइंट जमतात तेवढे जमू देते आणि टायरमधली हवा दर पंधरा दिवसांनी बघते.