जुनी मर्सिडीज घ्यायची, तर १२३ की १२४?

जर्मनीत राहून बायकामुलांना घेऊन फिरता येईल अशी जुनी मर्सिडीज शोधणारा शेवटी दोन गाड्यांपाशी येऊन अडतो: डब्ल्यू १२३ (१९७६ ते १९८६) आणि १९८४च्या अखेरीस तिच्या जागी आलेली डब्ल्यू १२४. माझं मत आधीच सांगतो. फक्त रविवारी बाहेर काढायची असेल तर १२३, रोज मुलांना शाळेत सोडायचं असेल तर १२४.

१२३ची मागणी एवढी होती, की सुरुवातीला वर्षभर नंबर लावावा लागे आणि थोडी वापरलेली गाडी कोऱ्या गाडीपेक्षा महाग विकली जाई. साधारण २७ लाख बनल्या. डिझेल इंजिन दणकट, पण सुरुवातीची २०० डी फक्त ५५ अश्वशक्तीची. ताशी शंभरला पोचायला अर्धा मिनिट. ऑटोबानवर (जर्मनीच्या द्रुतगती महामार्गावर) ट्रकच्या मागे निवांत बसायची तयारी हवी. डिझेल गाडी बघायला गेलात तर किल्ली फिरवून बंद केल्यावर इंजिन लगेच थांबतं का बघा. ते व्हॅक्यूमवर (इंजिनने नळ्यांत तयार केलेल्या निर्वातावर) बंद होतं, आणि सेंट्रल लॉकिंगही त्याच व्हॅक्यूमवर चालतं. दाराच्या लॉकमधली एखादी रबरी नळी फाटली, की किल्ली काढली तरी इंजिन धडधडत राहतं. मग बॉनेट उघडून हाताने बंद करायचं!

१२४ चालवायला सरळसरळ पुढची गाडी. मागे मल्टीलिंक सस्पेन्शन (प्रत्येक चाक अनेक दांड्यांनी वेगवेगळं धरलेलं), हवेचा विरोध कमी, त्यामुळे वेगातही शांत. मात्र १९९२ ते ९५च्या पेट्रोल गाड्यांत इंजिनची वायरिंग तपासाच. तिचं आवरण उष्णतेने तडकून गळून पडतं. मी त्याआधीची एस्टेट (मागे सामानाला लांब जागा असलेली) घेईन.

गंज दोघींनाही खातो. जॅक लावायच्या जागा आणि पुढचे मडगार्ड नीट बघा. १२४ला १९८९पासून दारांखाली प्लास्टिकच्या पट्ट्या आल्या, गंज त्यांच्यामागे लपतो. इंजिन दुरुस्त होतं, सडलेला पत्रा खिसा रिकामा करतो. तीस वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी जर्मनीत ‘एच’ नंबरप्लेटला, म्हणजे ऐतिहासिक गाड्यांच्या खास पाटीला, पात्र ठरते. मग रस्ताकर सरसकट १९१ युरोंच्या आसपास, आणि जुनं डिझेलही शहराच्या पर्यावरण क्षेत्रात, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना बंदी असलेल्या भागात, नेता येतं.

महाराष्ट्रात असाल तर १२४च बघा. १९९५पासून ती पुण्यात टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) कारखान्यात जुळवली जायची, ई २२० आणि ई २५० डी. आरसी बुकवरचा चॅसी नंबर गाडीवरच्या नंबराशी पडताळा आणि नोंदणीचं नूतनीकरण झालंय का ते विचारा. ते रखडलेलं असेल, तर व्यवहाराआधी मालकालाच आरटीओत पाठवा.