रिओत एकच दिवस असेल तर: ख्रिस्ताचा पुतळा की शुगरलोफ?

रिओ दि जानेरोत एकच मोकळा दिवस मिळणारे बहुतेक प्रवासी कोर्कोवादो डोंगरावरच्या ख्रिस्ताच्या पुतळ्याचीच निवड करतात. आम्हीही तीच केली आणि जानेवारीतल्या त्या दिवशी पदरी निराशा आली.

कोर्कोवादोला जाणारी दातेरी रुळांची गाडी १८८४ पासून चालू आहे आणि तिजुकाच्या दाट जंगलातून साधारण २० मिनिटांत वर पोहोचवते. हा प्रवास खरोखर सुंदर आहे. अडचण माथ्यावर येते, कारण शिखराची उंची सुमारे ७१० मीटर असल्याने समुद्रावरून आलेली दमट हवा डोंगराला अडून वर चढते आणि किनाऱ्यावर लख्ख ऊन असतानाही तिथे ढग साचून राहतो. १९३१ साली उभारलेला ३० मीटर उंचीचा तो पुतळा आम्हाला पायथ्याशी उभे राहूनही जेमतेम गुडघ्यांपर्यंत दिसत होता. चष्मा पुसून डोळ्यांवर चढवेपर्यंत काचा पुन्हा ओल्या होत. एकदा पसरलेल्या हाताची बोटे उघडी पडली, सगळ्यांचे फोन वर गेले आणि तेवढ्यात पुन्हा सारे पांढरे झाले. ठरावीक वेळेचे तिकीट आगाऊ काढलेले असल्याने सकाळी ढग दिसत असूनही बेत बदलता आला नव्हता, याची हळहळ अजून वाटते.

शुगरलोफ हा शहरातला दुसरा डोंगर ३९६ मीटरच उंच असल्याने पुष्कळदा ढगांच्या खाली राहतो. १९१२ पासून चालणारा त्याचा रोपवे दोन टप्प्यांचा आहे, त्यामुळे वरचा माथा झाकला गेला तरी पहिल्या टप्प्यावरच्या उर्का टेकडीवरून ग्वानाबाराचा उपसागर बहुधा दिसतोच. अर्थात आकाश निरभ्र असेल तर कोर्कोवादोवरून दिसणारे दृश्य अधिक विस्तीर्ण आहे, हे मान्य करायला हवे. तिथून सरोवर, इपानेमाचा समुद्रकिनारा आणि खुद्द शुगरलोफ एका नजरेत येतात.

म्हणून डिसेंबर ते मार्च या पावसाळी महिन्यांत जाणाऱ्यांनी पुतळ्याचे तिकीट आधी काढू नये. सकाळी उठल्यावर प्रथम शिखराकडे पाहावे. पुतळा स्पष्ट दिसत असेल तर लगेच निघावे, कारण तो पूर्वाभिमुख आहे आणि सकाळचे ऊन त्याच्या चेहऱ्यावर पडते. दिसत नसेल तर वाट न पाहता शुगरलोफ गाठावा. जून ते ऑगस्टमध्ये पाऊस कमी असल्याने एवढी धास्ती नसते.

आम्ही शुगरलोफवर पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. समोर कोर्कोवादोवरचा ढग पूर्ण विरला होता आणि दिव्यांच्या उजेडात पुतळा, बोटाएवढा, अगदी स्वच्छ दिसत होता.