हायड्रोलाइज्ड खाद्य आणि खाजेची वही : नऊ महिन्यांनंतर

हायड्रोलाइज्ड खाद्य, म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे करून बनवलेलं कुत्र्याचं खाद्य, हे औषध नव्हे. एक पिशवी आणली, खाऊ घातली आणि खाज गेली, असा हिशेब असेल तर पैसे वाया जातील. कुत्र्याला नेमकं काय बाधतंय ते हुडकण्यासाठी ते आहे, आणि त्या कामाला ते उतरलं. मात्र घरातली माणसं साथ देणार असतील तरच.

आमचा सख्या गावठी, चार वर्षांचा, वजन १९ किलो. दोन वर्षं तो पुढचे पंजे चाटत होता. मूळचे पांढरे केस थुंकीने विटकरी झाले होते आणि कानांना आंबूस वास यायचा. पावसाळा लागला की शेपटीच्या मुळाशी केस जाऊन लाल चट्टे उठायचे. आईचं निदान ठरलेलं : उष्णता. त्यावर ताक, करंजाचं तेल, कडुलिंबाचा पाला, सगळं झालं. तेल तर त्याने चाटूनच संपवलं. तेव्हाचे डॉक्टर दर वेळी स्टिरॉइडचं एक इंजेक्शन द्यायचे. पंधरा दिवस कुत्रा एकदम गुणी, सोळाव्या दिवशी परत कराकरा खाजवणं. स्टिरॉइडवर असताना तो बादलीभर पाणी प्यायचा आणि रात्री दोनदा खाली न्यावा लागायचा. कारण शोधायचं असतं, हे तोवर आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

मागच्या जूनमध्ये पुण्यात कोथरूडच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आधी कातडी खरवडून काचपट्टीवर पाहिली. खरजेचे किडे सापडले नाहीत. पंज्यांना चिकटपट्टी लावून पाहिलं, तिथे यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, भरपूर होतं. मग बारीक दातांची फणी त्याच्या पाठीवरून फिरवली आणि निघालेली काळी पूड ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटकली. मिनिटभरात प्रत्येक कणाभोवती तांबूस वर्तुळ पसरलं. पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. सख्याच्या अंगावर आम्ही एकही पिसू पाहिली नव्हती, आणि मी तर घरात पिसवा नाहीत अशी पैज लावायला तयार होतो. ज्या कुत्र्याला पिसवेच्या थुंकीची अ‍ॅलर्जी असते त्याला दोन-चार चावेही पुरतात, म्हणे.

पिसवा मारणारी फ्लुरालानरची गोळी दिली. पिसवांवर ती बारा आठवडे चालते. (ज्यांच्या कुत्र्याला कधी फिट आली असेल त्यांनी हे आधी डॉक्टरांना सांगा.) सोफ्याच्या फटी, गाद्या, त्याचं पोतं महिनाभर रोज झाडलं, कारण कोशातल्या पिसवा कित्येक आठवडे दडून राहतात. शिवाय क्लोरहेक्सिडिनचा, म्हणजे जंतुनाशक शाम्पू आठवड्यातून दोनदा, आणि तो दहा मिनिटं अंगावर ठेवायचा. न्हाणीघरात फेसाळलेल्या कुत्र्याला मिठीत धरून दहा मिनिटं काढून पाहा, घड्याळ बंद पडलंय असं वाटतं. ऑगस्टपर्यंत पाठ भरून आली, यीस्टही आटोक्यात आलं, पण पंजे चाटणं चालूच.

तेव्हा खाद्याची पाळी आली. रक्त तपासून कळेल का, असं मी विचारलं. खाण्याच्या अ‍ॅलर्जीसाठी त्या चाचणीवर भरवसा नाही, बाई म्हणाल्या. एक तर सख्याने आजवर न खाल्लेलं मांस, म्हणजे मटण आणि रताळं शिजवून घाला, नाहीतर हे तयार खाद्य. त्यात सोयाबीनच्या प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराला ते सहसा ओळखू येत नाहीत. आमच्याकडे माणसांना वरणभात आणि कुत्र्याला रोज मटण हे जमणारं नव्हतं, म्हणून खाद्य घेतलं. आठ आठवडे दुसरं काहीही नाही. पिसवांची चवदार गोळीसुद्धा बंद, तिच्याऐवजी मानेवर सोडायचे थेंब.

फ्रिजवर वही टांगली. रोज रात्री शून्य ते दहा, खाज किती ते लिहायचं. सुरुवात सातने झाली. तिसऱ्या आठवड्यात चारवर आलो आणि एका रात्री एकदम आठ! घरात चौकशी समिती बसली. आई आधी पोळ्या लाटत राहिली, मग म्हणाली, "अरे, कोरडं कोरडं खात होता बिचारा. चिकनच्या रश्श्याचं वरचं पाणी घातलं फक्त." आठवडे परत पहिल्यापासून मोजायला लागले. पाचव्या आठवड्यापर्यंत बऱ्याच कुत्र्यांत फरक दिसतो, आठ पुरे केले तर दहातल्या नऊ जणांचा निकाल लागतो, म्हणून बाई आठावर अडून बसल्या होत्या.

सोसायटीच्या वॉचमनकाकांचं बिस्कीट हा दुसरा प्रश्न. त्यांना नको म्हणणं सख्याला आणि त्यांना, दोघांनाही जड गेलं असतं. मग याच खाद्याची बरणी त्यांच्या टेबलावर ठेवली. तळजाई टेकडीवर फिरायला नेताना मात्र लोकांना हात जोडायचे.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला खाज दोनवर होती. इथे बहुतेक जण थांबतात, पण खरा पुरावा पुढे आहे : एकेक पदार्थ परत घालून पाहायचा. उकडलेलं चिकन दिलं. तिसऱ्या रात्री अडीच वाजता अंधारात चप् चप् चप् ऐकू आलं. दिवा लावला तर पंजा लाल, वहीत सात. चिकन बंद केल्यावर आठवड्याने उतरलं. मग अंडं, दही, पोळी, प्रत्येकी दोन आठवडे. काही झालं नाही. दह्याचा निकाल आईने सगळ्या मजल्यांवर जाऊन सांगितला.

तक्रारी आहेतच. अकरा आठवड्यांत सात किलोच्या तीन पिशव्या लागल्या आणि किंमत बघून पोटात गोळा येतो. पहिले दोन दिवस त्याने वाडग्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आता त्याला बाजारातलं माशाचं खाद्य घालतो, पण ते शोधताना चार दुकानं झाली. पिशवीवर मेंढीचं चित्र आणि मागे बारीक अक्षरांत चिकन मील, म्हणजे कोंबडीची भुकटी! मागची बाजू वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि खाज शून्यावर आलेली नाही. मार्चमध्ये पंजे पुन्हा थोडे लाल झाले. परागकणांचीही अ‍ॅलर्जी असू शकते असं बाई म्हणतात. फिरून आल्यावर पंजे धुऊन कोरडे पुसतो, एवढ्यावर सध्या भागतंय.

वही अजून फ्रिजवरच आहे. कालची नोंद आईच्या अक्षरात : "खाज २. अर्धी पोळी दिली. रस्सा नाही."