व्यापारी संघटनेची वर्गणी वसूल होते का? विधिमंडळ-पाठपुरावा सेवेचे परीक्षण

आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी व्यापारी संघटनेचे सभासदत्व घेतले की ओळखपत्र, दिनदर्शिका आणि वार्षिक स्नेहमेळाव्याचे निमंत्रण मिळते. ते सगळे बाजूला ठेवून येथे एकाच सेवेचा विचार केला आहे: व्यापाऱ्यांच्या अडचणी आमदारांपर्यंत आणि त्यांच्यामार्फत विधिमंडळापर्यंत नेण्याचे जे काम संघटना आपले मुख्य काम म्हणून सांगते, ते ती प्रत्यक्षात कसे करते? माझा व्यवसाय भुसार मालाचा आहे, किरकोळ व अर्धघाऊक, आणि दुकानात नोकर दहापेक्षा कमी आहेत. हे मत त्याच मापाच्या दुकानदारांना अधिक उपयोगी पडेल.

या सेवेची गरज आहे, याबद्दल दुमत नसावे. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी शिक्षकांसाठी ७, पदवीधरांसाठी ७ आणि स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी २२ जागा आहेत. व्यापाऱ्यांचा स्वतंत्र मतदारसंघ नाही. दुसरीकडे, दुकानाच्या रोजच्या कारभाराला भिडणारे बरेचसे कायदे राज्याचेच आहेत: १९७५ चा व्यवसाय कर अधिनियम, २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम, बाजार समित्यांचा कायदा आणि २०१८ ची प्लास्टिकबंदी. एकट्या दुकानदाराने आमदारांच्या कार्यालयात जाऊन काही सांगितले, तर स्वीय सहायक ते नम्रपणे ऐकून घेतो आणि विषय तेथेच संपतो.

संघटनेची सर्वांत चांगली बाजू म्हणजे निवेदन लिहिण्याची पद्धत. पूर्वी व्यापाऱ्यांची निवेदने 'अन्याय होत आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी' अशा वाक्यावर संपत असत आणि योग्य कार्यवाही कोणती, हे वाचणाऱ्यालाच ठरवावे लागे. आता हे काम कार्यालयातील एका निवृत्त कर सल्लागारांकडे आहे. तपासणीच्या वेळी होणाऱ्या त्रासाबद्दल मी दोन पाने लिहून नेली होती. त्यांनी ती शांतपणे वाचली, निम्म्याहून अधिक मजकुरावर पेन्सिलीने काट मारली आणि विचारले, ''शेठ, तुम्हाला कोणत्या कलमात कोणता शब्द बदलून हवा आहे, तेवढे सांगा.'' अखेर जे निवेदन तयार झाले, ते एका पानाचे होते: वर कलमाचा उल्लेख, मध्ये दुकानात प्रत्यक्ष काय घडते याचे चार ओळींचे वर्णन आणि खाली हवी असलेली सुधारणा, तीही नियमाच्याच भाषेत. असा कागद हाती पडला तर आमदाराला त्यावरून तारांकित प्रश्न (ज्याचे उत्तर मंत्र्याने सभागृहात तोंडी द्यायचे असते) किंवा लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी) तयार करणे सोपे जाते. या एका कामासाठी बाहेरचा वकील जे शुल्क घेईल, त्यापुढे वर्षाची वर्गणी किरकोळ आहे.

मात्र चांगला कागद कोणाच्या टेबलावर आणि केव्हा पोहोचतो, यावर पुढचे सगळे अवलंबून असते, आणि संघटना नेमकी तेथेच कमी पडते. प्लास्टिकबंदीचे उदाहरण घ्या. २३ मार्च २०१८ ची ती अधिसूचना २००६ च्या अविघटनशील कचरा नियंत्रण कायद्याखाली निघाली होती. म्हणजे सभागृहात त्यासाठी नव्या विधेयकावर मतदान व्हायचे नव्हते, निर्णय पर्यावरण विभागाच्या हाती होता. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये दंड व तीन महिने कैद, असे शिक्षेचे स्वरूप होते. पाव किलो शेंगदाण्याच्या पुड्या बांधणाऱ्याच्या पोटात गोळा येण्यास तेवढे पुरेसे होते. आमच्या संघटनेने जिल्ह्यातील सर्व आमदारांना निवेदने दिली, छायाचित्रेही काढली. परंतु विभागाकडे हरकत उशिराच गेली. जूनअखेरीस किराणा मालाच्या पॅकिंगला अटींसह सवलत मिळाली, ती राज्यभरातून आलेल्या दबावामुळे. आमदार मंत्र्याला उत्तर देण्यास भाग पाडू शकतो, पण अधिसूचनेचा मसुदा विभागात तयार होतो, हा भेद कार्यकारिणीला ठाऊक नाही असे म्हणवत नाही. विभागाच्या आवक-जावक खिडकीवर हारतुरे नसतात, हेच खरे कारण असावे.

स्थानिक संस्था कर, म्हणजे जकातीऐवजी महापालिका मालावर घेत असलेला कर, रद्द झाल्याचे श्रेयही माहितीपत्रकात ठळकपणे घेतले आहे. १ एप्रिल २०१३ पासून पुण्यासह अनेक शहरांत हा कर लागू झाला, राज्यभर बंद पाळले गेले, २०१४ च्या निवडणुकीत तो प्रचाराचा मुद्दा झाला आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांची त्यातून सुटका झाली. त्या बंदमध्ये आमच्या पेठेनेही शटर ओढले होते, हे खरे. पण एवढ्या मोठ्या लढ्याचे श्रेय एका जिल्हा संघटनेच्या माहितीपत्रकात मावणारे नाही.

'आमदार संवाद' या कार्यक्रमाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. शाल-श्रीफळ, प्रास्ताविक आणि मनोगते यांत बहुतेक वेळ जातो, पुढच्या खुर्च्या शोरूमवाले आणि बांधकाम व्यावसायिक अडवतात, आणि छोट्या दुकानदाराचा प्रश्न पाहुण्यांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायची घाई झाल्यावर येतो.

अधिवेशनाचे वेळापत्रक हा यापेक्षा गंभीर विषय आहे. अर्थसंकल्पी व पावसाळी अधिवेशन मुंबईत आणि हिवाळी नागपुरात, हा क्रम सर्वांना पाठ आहे. तारांकित प्रश्नाची सूचना बरीच आधी द्यावी लागते, तरीही संघटनेची बैठक अनेकदा अधिवेशन सुरू झाल्यावर भरते. मग निवेदनावर 'आवक'चा शिक्का घेतलेली पोच फाइलला लागते आणि पाठपुरावा झाल्याची नोंद होते. प्रश्न स्वीकृत झाला की नाही, मंत्र्यांनी उत्तर काय दिले, हे सभासदाला स्वतः शोधावे लागते. उत्तराची प्रत मागितल्यावर मिळते, आपणहून कोणी पाठवत नाही.

ज्यांना परवाना, कर किंवा तपासणी यासंबंधी ठरावीक तक्रार आहे आणि ती कागदावर नीट उतरवून हवी आहे, त्यांनी सभासदत्व जरूर घ्यावे. आमदारांशी ओळख व्हावी, एवढाच हेतू असेल तर मतदारसंघातील कार्यालयात थेट जावे. त्याला वर्गणी लागत नाही. साधारण आणि संरक्षक अशा दोन वर्गवाऱ्यांपैकी साधारण पुरेशी आहे, कारण निवेदन दोघांनाही तेच सल्लागार लिहून देतात. संरक्षक सभासदाला जास्तीची मिळते ती व्यासपीठावरची खुर्ची.